तिसऱ्या रविवारची हरकत

मी, सौ. सरला शरच्चंद्र हिवाळे, वय एकोणसत्तर, धर्माने ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. दुखण्यावरची गोळी मी सकाळपासून मुद्दाम घेतलेली नाही, म्हणजे पुढे कोणी ‘बाई गुंगीत होत्या’ म्हणायला नको. तसं कोण म्हणेल तेही मला ठाऊक आहे, त्यांचं कलम पुढे येईल. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणाऱ्यांना कंटाळूनच मी लिहायला बसले आहे.

हा कागद अमलात आणण्याचे काम मी ॲडव्होकेट उज्मा हिला देते. समोरच्या खुर्शीदआपाची ही धाकटी. मी जिथे पासष्टीपर्यंत नोकरी केली त्या प्रसूतिगृहात हिला मीच बाहेर काढलं, आणि आज ही मला वाक्यं कशी लिहायची ते शिकवते. मघाशी म्हणाली, “आंटी, इतना पर्सनल मत लिखो, कोर्ट में लोग पढ़ेंगे.” म्हटलं, पढ़ने दो. त्यासाठीच लिहितेय.

कलम एक. घर. निजामपुऱ्यातले दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या फंडातून आणि नाइट ड्युटीच्या पैशातून झाले, हिवाळ्यांचा त्यात एक पैसा नाही. माझ्या पश्चात हे घर माझा एकुलता एक मुलगा मिहिर याचे. तो सध्या अंबाडीला भाड्याच्या खोलीत त्याचा जोडीदार अनंता भोईर याच्यासोबत राहतो. उज्माने विचारलं, मित्र लिहू का? मी म्हटलं, जोडीदार लिही. शब्द चांगला आहे आणि खरा आहे.

हे स्पष्ट लिहायचं कारण, माझे मोठे दीर केसरीनाथ हिवाळे, आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच, गेल्या महिन्यात माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “सरला, ख्रिस्ती विश्वासातलं घर तसल्या माणसाच्या हाती जाऊ नये. माझ्या नातवाच्या नावाने कर.” मी उलटी करायला तस्त मागितलं तेव्हा ते उठले.

कलम दोन. माझ्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात तेलाची एक बाटली आहे, अर्धी भरलेली. ती केसरीनाथभाऊजींना परत करावी. त्यांचीच आहे.

मिहिरने आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. म्हणाला, “मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. मी आधीपासून असाच आहे. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगतोय.” त्याच्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला आणि सरळ भाऊजींचं घर गाठलं. मग भाऊजी आले आणि माझ्या पोराला कुठल्याशा प्रार्थनाघरात उपासाला घेऊन गेले. तिथे चार माणसांनी त्याला धरलं, डोक्यावर हे तेल ओतलं आणि त्याच्यातला तो दुरात्मा निघून जावा म्हणून कानाशी ओरडत राहिले. पोरगं परत आलं तेव्हा त्याला नीट ऐकू येत नव्हतं. बाटली सोबत पाठवली होती, घरी रोज लावायला. मी आयुष्यभर नर्सिंग केलं आहे. औषध कशाला म्हणतात ते मला कळतं. ती बाटली मी फेकली नाही, कारण ती ज्याची त्याला पोचवायची होती.

कलम तीन. कपाटाच्या तिजोरीत लाल कापडात सोन्याच्या दोन बांगड्या आहेत. त्या वल्लरी हिला द्याव्यात. ती आता नगरला असते, दोन लेकरांची आई आहे. पत्ता उज्माकडे आहे.

या बांगड्या मी वल्लरीसाठीच केल्या होत्या, माझी सून म्हणून. तेलाने काही झालं नाही तेव्हा दोघा भावांनी लग्न ठरवलं. लग्न झालं की आपोआप ठीक होतं, म्हणे. असं ठीक करायला दिलेल्या किती पोरी मी प्रसूतीच्या टेबलावर रडताना पाहिल्यात, ते यांना काय माहीत! मिहिर तेव्हा इतका खचला होता की तो कशालाच नाही म्हणत नव्हता. मी घरात भांडले, पाळकांकडे जाऊन आले. कोणी ऐकलं नाही.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. उपासनेत पाळक मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, या विवाहास कोणाची हरकत आहे काय? विचारायचं असतं म्हणून विचारतात. मी लहानपणापासून ऐकत आले, कधी कोणी उठलेलं पाहिलं नाही. पाळक प्रश्न विचारत विचारतच पान उलटतात. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी पाळकांनी पान उलटलं आणि मी उभी राहिले.

“माझी आहे,” मी म्हटलं.

पाळकांना वाटलं मला चक्कर येतेय. म्हणाले, “सरलाबाई, बसून घ्या.”

“बसत नाही. हरकत आहे का म्हणून विचारलंत ना? माझी हरकत आहे. मी मुलाची आई आहे. त्याला हे लग्न नको आहे आणि का नको ते घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलीला तेवढं माहीत नाही.”

मग पुरुषांच्या बाजूने मिहिर उठला आणि म्हणाला, “आई खरं सांगतेय. वल्लरी, मला मुलींबद्दल तसं वाटत नाही. मी तुला आधीच सांगायला हवं होतं.” माझे यजमान उठले, कोणाकडे न बघता दारातून बाहेर गेले. वल्लरीच्या आईने मला नको ते शाप दिले. त्या मुलीला पुढे वर्षभर स्थळ आलं नाही, हेही माझ्या कानावर आहे. पण दुसऱ्या लेकराच्या वेळी तिने मला फोन केला आणि म्हणाली, “काकू, तुम्ही उठलात म्हणून मी आज सुखात आहे.” बांगड्या तिच्या हाताच्या मापाच्या आहेत.

त्या दिवसापासून पंचांनी माझं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, बंद केलं. माफी मागितली की सुरू होईल म्हणाले. मी माफी मागितली नाही. मिहिर त्याच आठवड्यात घर सोडून गेला.

कलम चार. माझे पती श्री. शरच्चंद्र यांना घराच्या पुढच्या खोलीत हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. घर मिहिरचे असले तरी त्याला वडिलांना बाहेर काढता येणार नाही, आणि वडिलांना त्याला आत येण्यापासून अडवता येणार नाही. मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कडी बसवून घेतली आहे. मागचं दार वेगळं आहे. एकमेकांचं तोंड न बघता राहायचं असेल तर तशी सोय मी करून ठेवली आहे.

त्या रविवारपासून आज नऊ वर्षं हे माझ्याशी बोललेले नाहीत. एका घरात राहतो, एका भांड्यातलं जेवतो. संध्याकाळची घरची प्रार्थना मात्र चुकलेली नाही, आणि जे काय सांगायचं ते त्यातच. “हे प्रभू, तुझ्या दासीला कळू दे की गॅस संपत आला आहे.” मी आमेन म्हणते आणि माझी पाळी आली की म्हणते, “हे प्रभू, गॅसला पैसे लागतात हे तुझ्या दासाच्या ध्यानात आणून दे.” खुर्शीदआपाने एकदा ऐकलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आता हसू येत नाही. प्रार्थनेत ते सगळ्यांची नावं घेतात. भाऊजी, पुतणे, पाळक, आजारी, प्रवासात असलेले. मिहिरचं नाव यायचं तिथे एक श्वास घेतात आणि पुढे जातात. तो श्वास मला रोज ऐकू येतो. तपासणीत गाठ निघाली त्या दिवशी म्हणाले, “हे प्रभू, हिला दुखतंय,” आणि बाकी कोणाचं नाव न घेता आमेन म्हटलं.

माझी इच्छा एकच आहे. मी गेल्यावर या घरात मिहिरचं नाव प्रार्थनेत घेतलं जावं, आणि तो घरात असताना घेतलं जावं. उज्मा म्हणते, असं कलम घालता येत नाही, कोर्ट कोणाकडून प्रार्थना करवून घेत नाही. बरं. मग इच्छा म्हणून राहू दे.

कलम पाच. बँकेतली शिल्लक, जी काय औषधातून उरेल ती, मिहिर आणि अनंता यांना निम्मी निम्मी. अनंताला का, म्हणून कोणी विचारील. मिहिर गेल्यावर वर्षभर तो मला भेटला नव्हता. एक दिवस प्रसूतिगृहाच्या पायरीवर एक टेम्पोवाला पोरगा उभा. म्हणाला, “आई, तो जेवत न्हाय. कावीळ हाय. तुमच्या हातचा भात मागतोय, पन फोन करायला लाजतोय.” मी ड्युटी टाकून त्याच्या टेम्पोत बसले. त्याने माझ्या पोराची सगळी घाण काढली, अंग पुसलं, तोंडात चमचा धरला. लग्न लावून दिलेल्या कितीजणींच्या नशिबी एवढं नसतं.

प्रभुभोजन बंद झाल्यावर रविवारी मी डबा घेऊन अंबाडीची एस्टी धरायला लागले. पाय चालले तोवर गेले. घरी प्रार्थनेत ऐकून घेतलं, की रविवार कोणाचा असतो हे काही लोक विसरले आहेत. पण शनिवारी संध्याकाळी तो मोठा डबा फळीवरून काढून ओट्यावर ठेवलेला असायचा. मी काढलेला नसायचा. घरात तिसरं कोणी नाही. मी कधी विचारलं नाही.

कलम सहा. पोटावर लावून बाळाचे ठोके ऐकायचा माझा लाकडी नळा उज्माला. तिचे ठोके मी त्यानेच ऐकले होते. फी म्हणून ठेव.

कलम सात. माती. मला आमच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरावे. पेटीची एक बाजू अनंताने धरावी. पहिली माती यजमानांनी द्यावी, त्यांच्याशेजारी उभं राहून दुसरी मिहिरने. ते उभे राहणार नसतील तर पहिली मिहिरने. पाळकांनी उपदेश थोडका करावा. मिहिरसारख्यांच्या पापापायी देवाने आग पाडून जाळलं म्हणून शास्त्रातल्या ज्या गावाचा दाखला देतात, त्याचं नाव माझ्या कबरीवर काढू नये. काढलं तर मी पेटीतून हरकत घेईन.

मी विश्वास सोडला असं काही जण बोलतात. साफ खोटं. शास्त्रातल्या त्या ओळी मला पाठ आहेत, माझ्या तोंडावर पुष्कळदा वाचून झाल्यात. त्यांचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही. ते मी वर गेल्यावर विचारणार आहे. तोवर एवढंच कळतं, की आयुष्यभर मी मुलं हातात घेतली आणि आईच्या हातात दिली. एकदा दिलेलं मूल परत घ्या म्हणून कुठल्याही आईला मला सांगता आलं नसतं. मलाही कोणी सांगू नये.

साक्षीदारांविषयी. दोन सह्या लागतात. आम्हा ख्रिस्त्यांना लागू असलेला कायदा असा, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला मिळालेलं रद्द होतं, बाकी कागद तसाच राहतो. म्हणून बाहेरची माणसं बोलावली. एक खुर्शीदआपा. दुसरी आनंदीबाई, चर्चमध्ये माझ्या बाकावर बसणारी, माझी चाळीस वर्षांची मैत्रीण.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. आनंदीबाई आली होती. सगळं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. “सरला, मला त्याच मंडळीत बसायचंय गं. नातीची पुकार व्हायचीय.” रडत गेली. मला राग आलेला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आला आहे. दुखणं आता फार वाढलंय. खुर्शीदआपा म्हणाली, गल्लीतल्या लूमच्या कारखान्यावरून कोणाला तरी बोलावते. तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, “हे प्रभू, या कागदाला अजून किती सह्या लागतात?” भरदुपारी आमच्यात प्रार्थना नसते. उज्मा बिचारी गोंधळली. म्हणाली, “एक, अंकल. कोणीही चालेल, फक्त तुम्ही नको. तुम्ही केलीत तर खोलीवरचा तुमचा हक्क गेला.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी सही करते आहे.

ठिकाण: भिवंडी. मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५.

सही: सरला शरच्चंद्र हिवाळे

वरील सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १: खुर्शीद, शेजारीण. सही उर्दूत केली आहे.

साक्षीदार २: शरच्चंद्र हिवाळे, वय चौऱ्याहत्तर. नाते: नवरा, आणि मिहिरचा बाप.

सरला, सगळे वाचले. माझ्या सहीने कलम चार रद्द होते हे उज्माने दोनदा समजावले. होऊ दे. मिहिर ठेवील तर मी त्याच्या घरात राहीन. माझी हरकत नाही.