खिडकीतले बाबा

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मेअखेर चित्रांवर पोट भरून दाखव, नाहीतर घरी येऊन कुलपांच्या दुकानात गल्ल्यावर बस, हे आपलं ठरलंय. ते मी विसरलेले नाही.

तर मला काम मिळालंय. गल्लीतल्या इमारतीसमोर एक बिनखिडकीची भिंत आहे. तिच्याकडे बघून लोक कंटाळले, म्हणून वर्गणी काढून त्यांनी मला तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक खिडकी रंगवायला सांगितली. नुसती खिडकी भकास दिसेल म्हणून मी तिच्यात पेपर वाचणारे एक गृहस्थ बसवले. समोर बसवायला माणूस परवडत नाही, तेव्हा पाठ असलेला चेहरा काढला. रागावू नका, तो तुमचा आहे.

लोक खूष आहेत, पण कुरकुर संपत नाही. आधी पडदा हवा झाला, तो रंगवला. मग म्हणाले, रोज तोच शर्ट बरा दिसत नाही. आता दर सोमवारी मी परांचीवर चढून तुमचा शर्ट बदलते आणि त्याचे पैसे घेते. माझी स्वतःची चित्रं खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी आहेत, त्यांची चौकशी कुणी करत नाही.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. लोभ आहेच, तो शर्टापायी कमी करू नये.

आपली,
धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मला न विचारता परक्या भिंतीवर बसवलंस, हे काही बरं केलं नाहीस. तुझ्या आईला मात्र एकच चिंता, त्या शर्टांना इस्त्री असते का. रंगवलेल्या शर्टाला इस्त्री लागत नाही म्हटलं, तर तिने विचारलं, मग घरातलेही रंगवून का घेऊ नयेत.

शर्ट बदलणं ही चित्रकला की लाँड्री, हे तुझं तू ठरव. गल्ल्यावरचं स्टूल पुसून ठेवलंय. डुगडुगत होतं, पायाखाली पुठ्ठा सरकवला आहे.

परांची हलवून बघितल्याशिवाय चढू नकोस. लोभ ठेव, आणि तोल सांभाळ.

तुझे,
बाबा


२० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पंचाईत झाली आहे. समोरचे लोक कपडे वाळत घालताना तुम्हाला हात करतात आणि तुम्ही पेपरातून मान वर करत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी बैठकीत तक्रार केली, की हे गृहस्थ फार शिष्ट आहेत. मी म्हटलं, ते चित्र आहे. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, ते सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणून काय साधी ओळखही दाखवायची नाही.

ठराव झाला. मेअखेर तुम्ही वर बघून हसायचं, नाहीतर भिंतीला चुना फासून माझं काम बंद. मान वर केली, डोळेही जमले, ओठांपाशी अडलंय. बाबा, मला तुमचं हसू आठवत नाही. लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे. रागावलेला चेहरा डोळे मिटून काढीन. हसरा काढायला गेले, की तुम्ही दाढदुखीने बेजार दिसता आणि बाई समोरून औषधं सुचवतात.

हसतानाचा एखादा फोटो पाठवाल का? कृपा असावी, जमल्यास फोटोसकट.

आपली,
धाकटी


३ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तसा फोटो नाही. आईने कपाट उपसलं. लग्नातही मी फोटोग्राफरकडे संशयाने बघतोय. हसणाऱ्या माणसाकडून कुलूप कोण घेईल? तरी तुझ्यासाठी दुकानातल्या आरशात प्रयत्न केला, तर एक गिऱ्हाईक सुटे पैसे न घेताच निघून गेलं.

मनाने काढ, नाहीतर ये. काळजी आहे, हे वेगळं लिहीत नाही.

तुझे,
बाबा


२८ मे

चि. खारीस,
अ. उ. आ.

लहानपणी कपाटावर चढून बसायचीस, म्हणून ही हाक होती. बऱ्याच वर्षांनी आठवली.

रविवारी न कळवता आलो होतो, तुला घेऊन जायला. तू परांचीवर होतीस, रस्त्याकडे पाठ, ब्रश माझ्या मिशीत. दचकशील म्हणून हाक मारली नाही. तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आल्या, बहुधा तुझ्या शिक्षिकाबाई. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, उतरलात एकदाचे. मग भर रस्त्यात मला झापलं, ओळख न दाखवल्याबद्दल, शिवाय पट्ट्यांचा शर्ट मला शोभत नाही म्हणून. मी माफी मागितली. सेक्रेटरींनी येऊन हात मिळवला आणि विचारलं, वर ऊन लागतं का. मी म्हणालो, दुपारी जरा लागतं. असं का म्हणालो ते मलाच कळेना, आणि मग मला हसू आलं. बराच वेळ आवरेना. खाली कोण हसतंय, हेही तू वळून पाहिलं नाहीस, इतकी कामात बुडालेली. तुला गल्ल्यावर बसवण्यात अर्थ नाही, हे मला तिथेच कळलं. तसाच गाडी धरून परत आलो.

स्टूल आईला दिलं. त्यावर बसून ती इस्त्री करते.

हसण्याचं बाईंना विचार, त्यांनी जवळून पाहिलंय. डावा कोपरा जरा जास्त वर जातो म्हणाल्या, तेवढं सांभाळ. आणि खिडकीवर एक छज्जा काढ, दुपारचं ऊन खरंच लागत असणार. पैसे किती होतील ते कळव. घासाघीस करणार नाही.

तुझे,
बाबा