नाक्याच्या अलीकडे

सांगली,
ता. ८ नोव्हेंबर १९७८

प्रिय साबेरा,

तुझ्या अब्बाच्या तुला पोटभर दुवा. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तू पाहिलंच असशील. ते घरी न्यायचं नाही. जिथं बसली आहेस तिथंच सगळं वाचून काढ, मग पुढचं बोलू. मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तू म्हणायचीस, अब्बांना मिरजेला जायचं असलं तरी ते तासगाववरून जातात. तेव्हा आज थोडं तासगाव सोस.

इकडचं म्हणशील तर बहुतेक आहे तसंच आहे. कृष्णेचं पाणी यंदा घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत आलं आणि निमूट खाली गेलं. शेजारच्या साळूबाई अजून हळदीच्या वखारीत निवडणीला जातात, संध्याकाळी पिवळ्या हातांनीच मला भाकरी आणून देतात आणि मी डाळीत मीठ फार घालतो म्हणून चार शब्द सुनावतात. साबेराचं पत्र आलं का, हे त्या रोज विचारतात. आलं, खुशाल आहे, असं मी रोज सांगतो. आपली अँबॅसिडर धावते आहे. मागच्या सीटचं आवरण बदललं, पण हळदीचा वास काही जात नाही; व्यापारी नमुन्याच्या पिशव्या मांडीवर घेऊनच बसतात. कुपवाडला नवे कारखाने उघडताहेत. तिथं वेल्डिंग शिकलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत तुमच्या कुवेत-दुबईकडे निघतात आणि त्यांना सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवायचं काम माझ्याकडे येतं. लोक म्हणतात, इमामभाईच्या हाताला गुण आहे, त्यानं सोडलेला माणूस बरकत घेऊन येतो. मी आपला हसतो. इतक्या वर्षांत मी एकाही माणसाला विमानतळावर सोडलेलं नाही, हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

मुंबईच्या वेशीवरचा नाका तू पाहिलास, पण त्याची भानगड तुला मी कधी सांगितली नाही. परगावची भाड्याची गाडी मुंबईत शिरायची तर पट्टी भरावी लागते, संध्याकाळच्या गर्दीत तर दुप्पट. शहरात गाड्या मावेनात, तेव्हा बाहेरच्यांनी कमी यावं, असं नाक्यावरचा कारकून आम्हाला वर तोंड करून सांगायचा. पट्टीपेक्षा रांग वाईट. ट्रकांच्या मागं तास-दीड तास धूर खात उभं राहायचं. मग आम्ही सांगली-साताऱ्याकडच्या ड्रायव्हरांनी एक रीत पाडली. नाक्याच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिथं गाडी थांबवायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तिथं टपलेल्याच असतात, त्यांना ना पट्टी ना रांग. गिऱ्हाइकाची ट्रंक त्यांच्या गाडीत टाकायची, सलाम करायचा आणि आपली गाडी वळवायची. गिऱ्हाइकाला स्वस्त पडतं आणि आम्हाला परतीची वाट लवकर धरता येते. सोडायला आलेले आईबाप त्या टॅक्सीत मावायचे नाहीत, ते तिथंच ट्रकांच्या गोंगाटात रडून घ्यायचे. मी मनात म्हणायचो, रडायचंच तर इथं काय नि तिथं काय. पन्नाशीला टेकलेल्या माणसाची ही अक्कल.

चांदबी गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझं जे काही बोलणं ते माझ्याशीच, आणि आईशी बोलायचं सगळंच मुलीला बापाशी बोलता येत नाही, हे मला उमगायला हवं होतं. रमजान निकाहनंतर वीस दिवस राहून कुवेतला परत गेला आणि तीन महिन्यांनी त्यानं तुझे कागद पाठवले. मोहल्ल्यात काय कौतुक झालं! आपण पहाटे दोघंच निघालो. मी पेठनाक्यापासून जो सुरू झालो तो थांबलोच नाही. कुवेतच्या गारेगार खोल्या, नळाला दिवसभर पाणी, रमजानची कंपनीतली कारकुनी, हे सगळं मी न बघता तुला सांगत होतो आणि तू ऐकत होतीस. साताऱ्याला चहाला थांबलो, मी कंदी पेढे घेतले. तिथं तू पहिल्यांदा विचारलंस, "अब्बा, विमानतळाच्या दारापतूर येणार न्हवं?" मी म्हटलं, येणार तर! खंडाळ्याला तू पुन्हा तेच विचारलंस. पनवेलला तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी तुला हसलो. पेढ्यांचा पुडा तू मांडीवर घट्ट धरून बसली होतीस, त्याची गाठसुद्धा सोडली नव्हतीस, आणि मी आपला आरशात मागचा ट्रक बघत होतो.

आणि मग नाका आला. साबेरा, खुदाची शपथ, मी ठरवून काही केलं नाही. टपरी दिसली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. चौदा वर्षं जिथं गाडी थांबवली तिथं ती थांबली. टॅक्सीवाला ओळखीचा, धावत आला, त्यानं डिकी उघडून तुझी ट्रंक उचललीसुद्धा. अरे थांब, ही माझी पोरगी आहे, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण पुढची रांग पाहिली आणि जीभ भलतीकडेच वळली. म्हटलं, या टॅक्सीनं लवकर पोचशील, रांगेत विमान चुकायचं. विमान रात्री नऊचं होतं आणि घड्याळात चार वाजले होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग "बरं" म्हणालीस आणि उतरलीस. ती टॅक्सी ट्रकांच्या कडेनं निघून गेली आणि मी टपरीवर चहा घेतला. परतीच्या वाटेवर मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या वाटण्याला मी समजावलं की पोरगी शहाणी आहे, तिनं मनावर घेतलं नसेल.

हे सगळं दोन वर्षांनी आता का उगाळतो आहे, ते ऐक. गेल्या महिन्यात शिराळ्याकडचे लालासाहेब म्हणून एक बागायतदार आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. त्यांचा मुलगा नाथाजी वेल्डर, दुबईला निघालेला. टपरीशी मी गाडी थांबवली तसे लालासाहेब म्हणाले, "इथं कशाला? पट्टी मी भरतो. मी भरती झालो तवा मला सोडायला कोण आलं न्हवतं. माझं पोरगं मी दारात सोडणार." मग काय, लागलो रांगेत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. इंजिन बंद केलं. सांगलीपासून तिथंवर बाप-लेक उसाच्या तोडणीवर आणि पावसापाण्यावर बोलत आले होते. रांगेत तेही बोलणं संपलं. अर्धा तास झाला. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. आणि एकाएकी तो चोवीस वर्षांचा दांडगा मुलगा हमसून हमसून रडायला लागला. "आबा, मला न्हाई जायचं. महिना झाला सांगीन म्हंतोय, धीर हुईना. मला लय भ्या वाटतंय ओ." मला वाटलं, आता सुभेदार कडाडणार. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "ड्रायव्हरसायब, गाडी माघारी घ्या." मी म्हटलं, आवं, तिकीट? तर म्हणाले, "तिकीट गेलं तर गेलं. पोरगं माझं हाय न्हवं?" मी त्या रांगेतून गाडी बाहेर काढली. ट्रकवाल्यांनी आईबहीण काढली, पोलिसानं शिट्टी मारली, पण काढली.

येताना साताऱ्यापर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, हे तुला खरं वाटणार नाही. माणसाला जे सांगायचं असतं ते तो शेवटच्या तासावर ढकलत नेतो, आणि तो शेवटचा तास त्या रांगेतच असतो. सोळा वर्षं मी लोकांचा तोच तास वाचवत होतो आणि वर त्यांचे आभार घेत होतो. तूही तुझं बोलणं त्या तासासाठी राखून ठेवलं होतंस. म्हणून तीनदा विचारलंस. आणि मी तुला टपरीशी उतरवलं.

घरी आल्यावर तुझी सहाही पत्रं काढून जमिनीवर मांडली. पहिली दोन तुझ्या हातची आहेत. त्यात तू मला ओरडली आहेस, चष्मा लावा, तंबाखू कमी करा, साळूमावशीला उलटून बोलू नका. पुढची चार रमजानच्या अक्षरात आहेत, खाली फक्त तुझी सही. त्यात मला कुणी ओरडत नाही. तिसऱ्यात लिहिलंय, साबेरा जिन्यावरून पडली, हात मोडला, काळजीचं कारण नाही. पाचव्यात लिहिलंय, साबेरा परत पडली, आणि या वेळी पोटातलं बाळ राहिलं नाही, अल्लाची मर्जी. साबेरा, आपल्या माळ्याची शिडी तू दोन्ही काखांत कळशा घेऊन उतरायचीस. तू कधी पडली नाहीस. मी ते पाचवं पत्र आलं तेव्हा रडलो, मशिदीत जाऊन बसलो, आणि रमजानला धीराचं पत्र लिहिलं. त्याला! आता ते आठवलं की जेवण जात नाही.

आणि एक गोष्ट, जी मी आजवर स्वतःशीही बोललो नाही. निकाहनंतर पंधराव्या दिवशी तू घरी आलीस तेव्हा तुझ्या मनगटावर काळेनिळे वळ होते. मी विचारलं, तू म्हणालीस, चुडा भरताना कासाराच्या हातून झालं. चुडा भरून पंधरा दिवस झाले होते. मला मोजता येत नव्हतं असं नाही. मला मोजायचं नव्हतं. मोहल्ल्यात माझी मान ताठ झाली होती, आणि बिनआईच्या पोरीचं चांगलं झालं असं सगळे म्हणत होते. मी ते ऐकत राहिलो आणि तुझ्या हाताकडे पाहायचं सोडलं. टपरीशी पाय ब्रेकवर गेला तो सवयीनं, हे खरं. पण पुढं जी जीभ वळली ती सवयीनं नाही. रांगेत तू काय बोलशील याची मला कुठंतरी धास्ती होती. असा तुझा बाप आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं त्या सिस्टर बनुबाई मिरजेच्या आहेत, कुवेतच्या एका दवाखान्यात नोकरीवर निघाल्या आहेत. उद्या मीच त्यांना सोडायला जाणार आहे, रांगेत उभा राहून, पट्टी भरून. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मामा, चिठ्ठी द्या माझ्याजवळ. हात मोडलेल्या बाईला दवाखान्यात तपासायला बोलावलं तर नवराबी न्हाई म्हणायचा न्हाई." तेव्हा तू आत्ता त्यांच्यासमोर बसली असशील आणि रमजान बाहेर बाकावर असेल. मी चुकत असलो, तू सुखात असलीस, तर हे पत्र फाड आणि मला पूर्वीसारखं चार ओळींत झोडपून काढ. मी ते फ्रेम करून लावीन. पण चुकत नसलो तर तुला काही सांगावं लागणार नाही, कारणं द्यावी लागणार नाहीत. बनुबाईंना फक्त मान हलवून हो म्हण. पासपोर्ट त्याच्या कपाटात असला तर आपल्या वकिलातीत परतीचा कागद करून मिळतो, त्या तुला तिथं घेऊन जातील. तिकीट त्यांच्याजवळ दिलं आहे, तुझ्या नावाचं. इथं लोक विचारतील, त्यांना उत्तर मी देईन. जन्मभर नको तिथं तोंड चालवलं, एकदा हवं तिथं चालवीन. मी दोन वर्षं उशीर केला, पोरी. तू आता एक दिवसही करू नकोस. त्या खोलीतून बाहेर पडताना त्याच्याकडे जाऊ नकोस, बनुबाईंचा हात धर.

तुझाच,
अब्बा