घर थोरल्याला, पण तपासणीनंतर

मी, खाली सही करणारी, इस्त्रीच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, डोकं जागेवर असताना, कोणाच्या दबावाखाली नव्हे तर मोठ्या खुशीत हे मृत्युपत्र करते. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून चुका असतील. अर्थ मात्र चुकीचा काढू नये. आमचा थोरला त्यात पटाईत आहे.

मला बी प्रकारची कावीळ आहे. बरीच वर्षं रोज गोळी घेते. डॉक्टरीणबाईंनी यंदा माझं वय, बाई की पुरुष आणि रक्तातल्या प्लेटलेट मिळून गुण काढले. लिव्हरचा कॅन्सर होण्याचा धोका किती, ते त्यावरून कळतं. मला भरपूर मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा एवढे गुण, आणि तेही नापास व्हायला! मी म्हटलं, "गोळी घेते ना, मग धोका कसला?" त्या म्हणाल्या, "आजी, इस्त्रीचं बटण बंद केलं की लगेच हात लावता का?" मला पटलं. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. काही उगवलंच तर लहान असतानाच सापडावं.

थोरल्याने यातलं फक्त "धोका जास्त" एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माझी खोली मोजायला हजर. "आई, तू वरच्या गटात आहेस, वाटण्या करून टाक." मी म्हटलं, "गटात आहे रे, गेलेली नाही."

कलम एक. दुकान, टेबल आणि दोन्ही इस्त्र्या धाकटीला. तिलाही हीच कावीळ निघाली, जन्मताना माझ्याकडूनच गेलेली. रडली, नाक पुसलं, गोळी सुरू केली. तिच्या मुलांना जन्मताच लस दिली होती, ती ठणठणीत आहेत.

कलम दोन. बँकेतलं सगळं सुनेला. थोरल्याने त्याला हात लावू नये, सल्लाही देऊ नये.

कलम तीन. निळ्या दांडीचा कप थोरल्याला. माझं दुखणं कळल्यावर हा कप त्याने माझ्यासाठी वेगळा काढला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उष्ट्याने हे लागत नाही. तरी कप वेगळाच. अरे, नऊ महिने माझ्या पोटात राहिलास, तेव्हा मागायचास की वेगळा कप!

कलम चार, आणि हेच खरं. दुकानावरचं घर माझ्या कमाईचं आहे, ते मी म्हणेन त्याला जाईल. थोरल्याने अजून रक्त तपासलेलं नाही. बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं, "बहिणीला आहे, तुम्हालाही असू शकतं. लिव्हर आतून खराब होतं तेव्हा बोंब मारत नाही." हा म्हणतो, "मला काय धाड भरलीय? दगड पचवतो मी." सून हात जोडून दमली. तिच्यावरच खेकसला, "तुला काय, माझ्या मरणाची घाई आहे?" टेप घेऊन कोण आलं होतं, ते तिने विचारलं नाही. मी विचारते.

आणि आजार निघालाच, तर पुरुष असण्याचेच धोक्याच्या त्या हिशेबात वेगळे गुण मिळतात म्हणे. तिथे तरी थोरला आईच्या पुढे जाईल.

तर, मी जिवंत असताना थोरल्याने रक्त तपासून घेतलं, सोनोग्राफी केली आणि आजार निघाल्यास उपचार सुरू केले, तर घर त्याचं. मी गेल्यावर धावत जाऊन केलं तर नाही. मग घर सुनेचं, कारण उद्या त्याची उस्तवार तिलाच करायची आहे. निकाल चांगला आला काय, वाईट आला काय, घर मिळेल. तपासायला जाणं महत्त्वाचं.

याची एक प्रत आजच त्याला पाठवते आहे. तो तणतणत भांडायला येणार, मला माहीत आहे. जरूर यावं. फक्त सकाळी यावं आणि उपाशीपोटी यावं. सोनोग्राफीला तसंच नेतात, नंबर मी लावून ठेवला आहे.

सही : दुकानाची मालकीण (स्वतःच्या हाताने)
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई, सही. "आजींचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."
२. समोरचा चांभार, सही.
ठिकाण : दुकानातलं इस्त्रीचं टेबल
तारीख : ९ जून, सोमवार