रांगणा पाडायचा बेत

८ सप्टेंबर, सोमवार

खुर्ची गेली. माझी फिरती खुर्ची. जेवून आलो तर मृत्युंजय तिच्यावर बसून गोल फिरत होता. विचारलं तर म्हणाला, खोतसाहेबांनी दिली दादा, माझी पाठ दुखते. पाठ त्याची, दुखणं मला.

नोंद राहावी म्हणून लिहितो. ह्या दूध संघाच्या ऑफिसात चार वर्षं कॉम्प्युटर मी सांभाळतोय. ह्यो कुरुंदवाडचा गडी जूनमध्ये आला. दोघंबी टेंपररी. दसऱ्याला चेअरमन एकाला परमनंट करणार, सिस्टिम इनचार्ज म्हणून. तिकडं मुरगूडचे पावणे ‘परमनंट’ ह्या एका शब्दावर अडून बसलेत. मुलगी वर्षाराणी. फोटो बघितलाय. माझ्या बाजूनं होकार हाय.

म्हणजे मृत्युंजयनं नुसती खुर्ची घेतलेली न्हाय. संसार घेतलाय.

संकल्प: बदला. शांतपणे. पुरावा न ठेवता.

९ सप्टेंबर

बेत ठरला. ऑफिसची सगळी मशीन एका नेटवर्कवर हायत. नावं मीच दिलीत, किल्ल्यांची. मॅनेजर खोतसाहेबांचं रायगड, अकाउंटच्या रक्षिताचं भुदरगड, माझं पन्हाळा. मृत्युंजयच्या वाट्याला रांगणा. एका मशीनवर बसून दुसरं बंद करता येतं. एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं. हिकडं बोट, तिकडं अंधार. मारामारी न्हाय, शिवीगाळ न्हाय. इतका स्वच्छ बदला कोल्हापुरात आजवर कुणी घेतला नसंल.

दुपारी ४

एंटर मारलं. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं. गड्यानं आल्याआल्या पासवर्ड बदललाय. म्हणजे मला भितोय. चांगली सुरुवात.

११ सप्टेंबर

पासवर्ड काढायला दोन दिवस घातले. मागं उभं राहून त्याची बोटं बघितली, पण माझं ध्यान सारखं खुर्चीवर जातंय. शेवटी वैतागून सरळ विचारलं. म्हणाला, घ्या की दादा, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलतं. चिठ्ठीवर लिहून दिला. वर म्हणतोय, चहा सांगू काय?

येडा माणूस. गडाची किल्ली दुश्मनाच्या हातात देतोय.

चहा घेतला. चहाचा ह्याच्याशी संबंध न्हाय.

१५ सप्टेंबर, सकाळी ११

पहिला वार. गडी कागलच्या दुधाचा रिपोर्ट बनवत होता. रांगणा बंद! लांबनं बघितलं. स्क्रीन काळी, गडी वायर हलवून बघतोय. टेबलाखाली स्वतःलाच टाळी दिली. आनंदानं.

दुपारी

मशीन बंद म्हणून मृत्युंजय उठला आणि रक्षिताच्या टेबलाजवळ जाऊन बसला. अर्धा तास. ती हसत होती. माझ्याशी ती चार वर्षांत फक्त प्रिंटरबद्दल बोललीय. तसं मला काय न्हाय, माझं मुरगूडला ठरत आलंय. पण हसायचं काय त्यात?

रिपोर्ट आपोआप सेव्ह झालता. ती सोय मीच बसवलीय. तेव्हा कुणी शाबास म्हटलं न्हाय.

१८ सप्टेंबर

तीन दिवस सलग रांगणा पाडला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि आज साहेब त्याच्या मागं उभे असताना. साहेब कळवळले. म्हणाले, अरे पोराचं मशीन किती खराब हाय, हा कसा काम करत असंल?

संध्याकाळी त्याला कोरं करकरीत मशीन आलं.

त्याचं जुनं मला दिलं. माझं त्याहून जुनं होतं, ते गोडाऊनला गेलं. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, विजयसिंह, जरा सांभाळून वापर, ते मधनंच बंद पडतंय. आता ते बंद पडत न्हाय, हे मी कुणाला सांगू?

नावं परत मीच लावली. नवं ते रांगणा, जुनं ते पन्हाळा. किल्ले तेच, तटबंदी बदलली.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

नवरात्रात बदला घ्यायचा न्हाय. नऊ दिवस उपास आणि मन शुद्ध.

२३ सप्टेंबर

उपास सोडला. मिसळीचा वास खिडकीतनं आत आला, त्याला मी काय करू? उपास मोडला म्हटल्यावर दुसरं व्रत एकटं ठेवण्यात अर्थ न्हाय.

२४ सप्टेंबर

विचार मोठा केला. नुसता रांगणा पाडून भागणार न्हाय. सगळं ऑफिसच बंद पाडायचं. नेटवर्क मृत्युंजय बघतोय, म्हणजे बोंब त्याच्या नावानं. साडेपाचला सगळ्या गडांवर एकदम एंटर मारलं. एका झटक्यात सगळ्या स्क्रीन काळ्या.

बोंब झाली न्हाय. पोरी पर्स उचलून घरला गेल्या. पिराजीमामांनी, म्हणजे आमच्या शिपायांनी, कधी नव्हं ते वेळेवर कुलूप लावलं.

२५ सप्टेंबर

साहेबांनी सगळ्यांसमोर मृत्युंजयचं कौतुक केलं. म्हणाले, मशीन आपोआप बंद व्हायची सोय केली ह्यानं, लाईट बिल वाचंल, शिस्त लागंल. मृत्युंजय उभा राहून म्हणाला, साहेब, मी न्हाय केलं, विजयदादांनी केलं असंल.

सगळं ऑफिस हसलं. साहेब म्हणाले, बघा, मनाचा मोठेपणा बघा पोराचा. दुसऱ्याला श्रेय देतोय.

आता माफी न्हाय.

२९ सप्टेंबर

शेवटचा डाव. परवा खंडेनवमी. दरवर्षीसारखी मशीनची पूजा. दुपारपर्यंत सगळी मशीन बंद करून हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ. एकदा कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत बटणाला हात लावायचा न्हाय. मागं एकानं पूजेनंतर मेल बघायला मशीन चालू केलं तर पिराजीमामा त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले न्हाईत.

पूजेच्या आधी, ११ ला, मृत्युंजय चेअरमनना नवं सॉफ्टवेअर दाखवणार, पडद्यावर, प्रोजेक्टर लावून. त्याच्यावरच परमनंटचं ठरणार. माझ्या मशीनवर टायमर लावला: ११:१५ ला रांगणा बंद. त्याआधी एक मिनिटभर स्क्रीनवर निरोप येणार. निरोपावर संध्याकाळ घालवली. लांबडे चार लिहून खोडले. शेवटी साधा ठेवला:

‘तुला काय येत न्हाय. खुर्ची सोड.’

नाव लिहिलं न्हाय. शैलीवरनं ओळखू नये म्हणून विचार केला, पण मी लिहितो हे हितं कुणाला ठाऊकच न्हाय.

३० सप्टेंबर

नवा शर्ट घेतला. मुरगूडच्या पावण्यांना फोन करून सांगितलं, दसऱ्याला गोड बातमी देतो. ते म्हणाले, लेखी असंल तर बरं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, रात्री

क्रमानं लिहितो.

चेअरमन आले. मृत्युंजय उठला आणि म्हणाला, साहेब, जुना डेटा सगळा विजयदादांनी उभा केलाय, त्यांनीच दाखवावं, मी बाजूला उभारतो. असं म्हणून मला हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. माझी खुर्ची. कशी मऊ होती. पाठीखालनं हलकी अशी फिरली आणि मी टायमर विसरलो.

लई भारी बोललो मी. खोटं कशाला लिहू? मुरगूडचं संकलन, फॅट, महिन्याचा आलेख. चेअरमन मान हलवत होते. रक्षितापण बघत होती. मृत्युंजय मागनं हळूच म्हणाला, एक नंबर दादा.

आणि पडद्यावर निरोप आला. भिंतीएवढा.

चेअरमननी चष्मा लावला आणि मोठ्यानं, सावकाश वाचलं. तुला काय येत न्हाय. खुर्ची सोड. मग विचारलं, ह्ये कोण कुणाला म्हणतंय?

मिनिटभर वेळ होता. एक ओळ टाइप करून थांबवता आलं असतं. पण थांबवलं असतं तर सुरू कुणी केलं हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी पडद्याकडं बघत बसलो, दुसऱ्या कुणाला तरी म्हणतंय असं तोंड करून. रांगणा बंद पडला.

पिराजीमामा ताट घेऊन दारात उभेच होते. मशीन बंद दिसल्या दिसल्या आत आले आणि कुंकू लावून मोकळे. मी म्हटलं, मामा, थांबा, पाच मिनिटं चालू करतो. मामांनी नुसतं बघितलं. चेअरमनच म्हणाले, न्हाय रं बाबा, देवाचं झालं आता.

मृत्युंजय म्हणाला, ह्ये कुणीतरी दुसऱ्या मशीनवरनं बंद केलंय. मग चेअरमननी विचारलं, पण ह्ये लांबनं बंद करायचं कुणाला येतंय हितं? कामाची गोष्ट हाय ही.

मृत्युंजय म्हणाला, विजयदादांना येतंय साहेब. मी पासवर्ड दिलाय त्यांना.

सगळं माझ्याकडं बघायला लागलं. व्हय म्हटलं तर निरोप माझा. म्हणून म्हटलं, न्हाय साहेब, मला ह्यातलं काय येत न्हाय.

चेअरमन म्हणाले, मशीनबी तेच म्हणत हुतं.

३ ऑक्टोबर

मृत्युंजय परमनंट. मुरगूडच्या पावण्यांना सोनं द्यायला मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिक आल्या. उत्तर न्हाय.

मला साहेबांनी नवी जबाबदारी दिली. लांबनं बंद करायची भानगड आता बंद. रोज संध्याकाळी एकेका टेबलाजवळ जाऊन मशीन हातानं बंद करायची, ही जबाबदारी माझी. म्हणजे विचार केला तर सगळे गड माझ्याच ताब्यात आलेत. पासवर्डची गरज न्हाय. टायमरची न्हाय. नुसतं बोट.

साडेपाचला निघालो. रायगड पाडला. भुदरगड पाडला. शेवटी रांगण्यासमोर उभा राहिलो. मृत्युंजय खुर्चीत होता. बटणावर बोट ठेवलं.

म्हणाला, दादा, दोन मिनिटं थांबा, सेव्ह करतो.

थांबलो.