मागच्या अंगणातून जाणारी वाट

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, आता घरीच, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे आणि डोके जागेवर आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट थोरल्याने लिहू नये म्हणून बरीच मनधरणी केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहते घर व त्याखालची जागा मला माझ्या वडिलांकडून मिळाली असून ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. माझे दिवंगत पती, ज्यांचा उल्लेख यापुढे 'हे' असा केला आहे, यांचा तिच्यावर कधीही हक्क नव्हता. घर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. राहायचे की विकायचे, ते दोघांनी ठरवावे. मागच्या अंगणातला नदीकडचा पट्टा मात्र यात धरू नये.

२. शिवणयंत्र, कात्र्या आणि बँकेतली ठेव धाकटीला. तिला साधे बटण लावता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ह्यांच्या आजारपणात तिने बिनपगारी रजा घेऊन घर सांभाळले. थोरला तेव्हा परगावी होता, रोज फोन करत असे. त्याने मनाला लावून घेऊ नये.

३. नदीकडचा सहा (खोडले) आठ फूट रुंद पट्टा मी प्रादेशिक परिषदेला कायमचा देत आहे, तो सर्वांना चालण्यासाठी खुला राहावा या अटीवर. तिथे फरशा बसवू नयेत. जांभळाचे झाड तोडू नये. ह्यांच्या नावाची पाटी लावू नये. त्यांना आवडले नसते.

हे का करते ते लिहिणे भाग आहे, कारण याच पट्ट्यासाठी मी परिषदेशी भांडले होते.

हे परिषदेत नियोजन अधिकारी होते. नदीकाठ मोकळा ठेवायचा, पूररेषेच्या आत गोदामे येऊ द्यायची नाहीत आणि वस्तीपासून बसस्थानकापर्यंत काठाने पायवाट करायची, असा आराखडा त्यांच्या विभागाने केला. त्या पायवाटेची रेघ माझ्या अंगणातून गेली. ते मला घरी कळले नाही. परिषदेच्या फलकावर लावलेल्या नकाशात कळले, तेही एका गिऱ्हाइकाने ब्लाउजचे माप देता देता सांगितले म्हणून.

"मला आधी सांगता आलं नाही?" मी विचारले.

"बाकी कोणाला आधी सांगितलं नव्हतं," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तो पक्षपात झाला असता."

"एका ताटात जेवतो आपण!"

"म्हणून तर."

मी लेखी हरकत घेतली. सुनावणीत माझा पुकारा झाला, तेव्हा हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. बायकोच्या प्रकरणात आपण खोलीत थांबायचे नाही म्हणाले. अध्यक्ष हसत म्हणाले, "वहिनी, घरचं भांडण घरीच मिटवायचं ना!" मी म्हटले, "मी इथे वहिनी नाही, हरकतदार आहे. जागा माझी आहे आणि मला कोणी विचारलेलं नाही." माझी हरकत मान्य झाली. ती चुकीची होती असे मी आजही म्हणत नाही.

पायवाट झाली, पण माझ्या कुंपणाला येऊन थांबली. माणसे तिथून वळसा घालून ट्रकच्या रस्त्याने जायची आणि पुढे पुन्हा काठाला लागायची. हे त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणे मला फार लागायचे.

निवृत्तीनंतर ह्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. ट्रकच्या रस्त्यावर काठी टेकायलाही जागा नाही, म्हणून हे अंगणात भिंतीपासून कुंपणापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. एका सकाळी मी कुंपण कापून फाटक बसवून घेतले आणि म्हटले, "चला, आता सरळ काठाने जा."

हे फाटकापाशी उभे राहिले. शब्द अडखळत होते, तरी नीट म्हणाले, "फक्त माझ्यासाठी?"

"मग आणखी कोणासाठी?"

"मग नको. माझ्यासाठी उघडू नकोस."

आणि मागे फिरले. मला इतका राग आला की मी दिवसभर यंत्रावर बसले नाही. दुसऱ्या दिवशीही हे भिंतीपासून कुंपणापर्यंतच चालले. फाटक उघडे होते, तरी त्यातून गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी फाटकच बिजागऱ्यांसकट काढून टाकले आणि ट्रकच्या रस्त्याकडे वळणाऱ्या एका बाईला हाक मारली, "अहो, इकडून या. इकडून रस्ता आहे." ती आली. तिच्या मागून हे गेले.

पुढे हे जाईपर्यंत रोज कोणी ना कोणी त्यांच्या पावलाने चालत असे. त्यांपैकी बहुतेकांना हे कोण ते माहीत नव्हते.

अलीकडे थोरल्याने घरासाठी गिऱ्हाईक आणले. त्याला नदीकाठी हॉटेल करायचे आहे आणि वाट बंद हवी आहे. थोरला म्हणाला, "आई, वाट तुझ्या परवानगीवर चालू आहे. ती परवानगी तुझ्याबरोबर संपते." ते त्याने अगदी बरोबर सांगितले. म्हणून हा कागद.

४. सुनावणीतल्या त्या अध्यक्षांना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांनी काही मागितलेले नाही, तरी लिहून ठेवते.

५. ह्यांची मोजपट्टी, नकाशे आणि पेन्सिली परिषदेतल्या सर्वेअर बाईंना. आराखड्याच्या वेळी ह्यांनी मालकांची नावे झाकून त्यांना रेघ काढायला लावली होती. ती माझ्याच अंगणातून गेली. ते बाईंनी मला ह्यांच्या माघारी सांगितले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनी करावी.

६. कलम तीनमधल्या खाडाखोडीबद्दल. हा मसुदा मी थोरल्याला वाचून दाखवला. तो न जेवता निघून गेला. पुढच्या रविवारी सर्वेअर बाई मोजणीला आल्या, तेव्हा तो परत आला आणि टेपचे दुसरे टोक धरून नदीकडे उभा राहिला. मोजून झाल्यावर म्हणाला, "सहा फूट कमी पडतील. समोरून व्हीलचेअर आली तर बाजूला व्हायला नको का?" आणि माझ्या हातातला पेन घेऊन त्याने स्वतः आकडा बदलला. त्या बदलाला माझी संमती आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली. दिनांक: मोजणीनंतरचा सोमवार, सकाळ.

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघांच्या देखत त्यांनी, व त्यांच्या देखत आम्ही, सह्या केल्या. यातले आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: शेजारच्या निवृत्त नर्सबाई (सही)
साक्षीदार २: ह्यांना चालायला शिकवणारे व्यायामोपचाराचे डॉक्टर (सही)