शेजारची खुर्ची

९ जानेवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. रागाव खुशाल, पण फोन करू नकोस. तोंडाने सांगायला गेले की वाक्य अर्ध्यातच तुटतं. कागदावर तसं होत नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच, आणि हातात कुणाचा पडदा शिवायला असेल तर सुई आधी बाजूला ठेव.

मागच्या आठवड्यात लाँड्रीतल्या मुकादमाने मला चादरींच्या कोठारात गाठून माझ्यावर जबरदस्ती केली. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता राहू देते.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडली, मग खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाली की झाकली मूठ सव्वा लाखाची; धाकटीचं लग्न व्हायचंय, बाहेर एक अक्षर काढू नकोस. तेव्हापासून जेव, झोप, दिवा मालव, एवढंच बोलते.

आणि तक्रार करायची म्हटली तरी मीच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. कोठारातून सुटले ती थेट मोरीवर गेले आणि अंगावरचा निळा डगला काढून धुतला. मी तिथली डाग काढणारी ना! हॉटेलांच्या चादरींवरची शाई, रक्त, तेल, सगळं माझ्या टेबलावर येतं आणि जातं. डोकं बंद पडलं होतं, हात मात्र सवयीने चालत होते. जो काही पुरावा होता तो मी स्वतः गटारात सोडला. आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

एक मागणं आहे. मला भिंगरी म्हणू नकोस. एका जागी ठरत नाही म्हणून तू ते नाव ठेवलंस. हल्ली मी खिडकीपाशी बसते ती उठतच नाही.

माया आहेच तुझी, ती अशीच राहू दे.

तुझी,
भाची


१४ जानेवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

सुई बाजूला ठेवायला सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर ती कुठे खुपसायची ते माझं ठरलं होतं.

आधी मुद्द्याचं. यात तुझी काडीइतकीही चूक नाही. हे वाक्य रोज सकाळी चहाबरोबर वाच. मी पत्र वाचून खूप रडले, मग कात्री घेतली आणि एका गिऱ्हाइकाचा चांगला पडदा वीतभर आखूड कापून बसले. त्याची भरपाई त्या मेल्याकडून वसूल व्हायला हवी.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वकीलबाई बसते. बायकांच्या असल्या खटल्यांत फुकट मदत करते, तिच्या कचेरीच्या पडद्यांची मापं घ्यायला मला बोलावलंच होतं. तुझं नाव न घेता तिला विचारलं. ती म्हणाली की कपडे धुतले म्हणून खटला बुडत नाही. जिच्यावर बेतलं तिचा जबाब हाच पुरावा असतो, आणि घाबरलेलं माणूस अंघोळ करतं, कपडे धुतं, हे कोर्टालाही ठाऊक असतं. फक्त डगला आहे तसा पिशवीत घालून ठेव, पुन्हा हात लावू नकोस, आणि डॉक्टरांकडे लगेच जा, खटल्यासाठी नाही तर तुझ्या जिवासाठी.

तुझ्या आईला ज्याची धास्ती आहे तेही विचारलं. तुझं नाव छापायची कुणाला मुभा नाही. छापलं तर छापणाराच गजाआड. साक्ष बंद दाराआड होते. तू आधी कशी वागलीस, कुणाशी बोललीस, असल्या चौकशा करू देत नाहीत. त्याचं तोंड बघायचं नसेल तर मधे पडदा लावतात. मी विचारलं, कापड कुठलं? तिला वाटलं मी चेष्टा करते. अगं, पातळ कापड असलं आणि मागे खिडकी असली तर सावली दिसते! तिने ते लिहून घेतलं. आणि तुला हवं ते एक माणूस शेजारी खुर्ची टाकून बसू शकतं.

जायचं की नाही ते तू ठरव. गेलीस तर मी आहे, नाही गेलीस तरी मी आहे. आईला मात्र काही बोलू नकोस. तिला बोलायचा हक्क धाकट्या बहिणीचा, म्हणजे माझा.

नाव तू म्हणशील तेव्हाच परत घेईन. पोटभर जेव आणि खुशाली कळव, नाहीतर मी शिवणयंत्र घेऊन तुझ्या दारात येईन.

तुझीच,
मावशी


२ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

गेले. डॉक्टरीणबाईंकडेही गेले आणि पोलिसांकडेही. आई दारापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली.

जबाब घ्यायला बाईच होती. तिने दार लावलं, पाणी दिलं, आणि मी अडखळले की लिहिणं थांबवून वाट पाहिली. शेवटी सगळं वाचून दाखवलं, एक जागा मी दुरुस्त करायला लावली. डगल्याचं सांगताना मी मान खाली घातली, तर तिने तेही जसंच्या तसं लिहून घेतलं.

आणि ऐक. आमची इस्त्रीवाली काकू, जी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती आपणहून ठाण्यात गेली. तिने सांगितलं की ही पोरगी कोठारातून आली आणि एवढी मोठाली यंत्रं रिकामी असताना मोरीवर उकिडवी बसून हातानेच डगला घासत होती. हाक मारली तरी तिला ऐकू जात नव्हतं. डाग काढायच्या टेबलावरची बाई डागच नसलेला कपडा हात सोलेपर्यंत घासते, तेव्हा काहीतरी झालेलं असतं, असं म्हणाली. मी जे गटारात सोडलं असं समजत होते, ते तिच्या डोळ्यांत राहिलं होतं.

मुकादम जामिनावर सुटला आहे, पण माझ्या रस्त्यावर आणि लाँड्रीत फिरकायची त्याला बंदी आहे. मालकाने मला पगारी रजा दिली. तीही वकीलबाईच्या पत्रानंतर, पण दिली.

खटल्यात शेजारच्या खुर्चीवर कोण, असं वकीलबाईने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तू असलीस तर मी बोलेन. तू नसलीस तर मला नाही जमणार, हे आत्ताच सांगते.

तुझ्या मायेवर भार टाकून थांबते.

तुझी,
भाची


२० ऑगस्ट

चि. भाचीस,
अ. उ. आ.

बातमी वाईट आहे, पण ओरडू नकोस. माझा गुडघा गेला. म्हणजे आहे जागेवरच, पण वाकत नाही. डॉक्टर म्हणतो प्रवास नको. पुढच्या महिन्यात तुझ्या साक्षीला येणं आता कठीणच.

मी वकीलबाईला विचारलं, खुर्चीवरचं माणूस बदलता येतं. तू तुझ्या आईचं नाव दे. नाक मुरडू नकोस. ती बोलली नाही म्हणजे तिला काही वाटलं नाही असं नव्हे. लहानपणी मी झाडावरून पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं ते तिनेच, आणि वाटभर माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. भीती वाटली की तिची वाचा जाते, पाय जात नाहीत. तिला एकदा विचारून तर बघ. नाही म्हणाली तर मी खाटेवर पडून येईन.

गुडघ्याला शेक देत आहे. काळजी नसावी.

तुझीच,
मावशी


११ सप्टेंबर

प्रिय धाकटीस,
अ. आ.

तुझ्या गुडघ्याला काय धाड भरली ते देव जाणे, पण काल कोर्टात मी होते.

पोरीने विचारलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हो म्हणाले आणि निवडलेली भाजी कचऱ्यात टाकून देठं टोपलीत ठेवली. सगळे आपल्याकडे बघतील, नाव पुकारतील, असं मनात घेऊन मी डोक्यावरून ओढणी घेऊन गेले. कुणी नाव पुकारलं नाही. मागच्या दाराने आत नेलं. लोकांना बाहेर काढून दार लावलं. आत मोजकी माणसं, आणि मधे जाडजूड हिरवा पडदा. शिवण वाकडी होती, तुला बघवली नसती, पण पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मला बोलायची परवानगी नव्हती, नुसतं शेजारी बसायचं. त्याच्या वकिलाने विचारलं की हिचे लाँड्रीत कुणाकुणाशी संबंध होते. मला उठून त्याच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण माझ्या आधी न्यायाधीशबाई बोलल्या. हा प्रश्न या खोलीत विचारायचा नाही, असं त्यांनी एकदाच सांगितलं. मग त्याने डगल्याचं काढलं. खरंच काही घडलं असतं तर पुरावा कशाला धुतलास, म्हणाला.

पोरगी इतका वेळ हळू बोलत होती. आता तिने मान वर केली. म्हणाली की मी पुरावा धुतला नाही, त्याचा स्पर्श धूत होते, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या हाताने काही निघालं नाही. वकिलाने कागद गोळा केले आणि तो खाली बसला.

इतके महिने मी घरात तोंड शिवून बसले, ते लाजेने. काल तिच्या शेजारी गप्प बसले, ते तिचा हात धरून. रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून खूप बोललो. माझ्या धाकट्या लेकीने ऐकलं आणि म्हणाली की ताईच्या खटल्यावरून जे घर मला नाकारेल, त्या घरात मला जायचंच नाही. मी उगाच तिच्या नावाने घाबरत होते.

गुडघ्याची काळजी घे. मला तुझी फार आठवण आली.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. त्याला दोषी ठरवलं, शिक्षा झाली, तिथूनच घेऊन गेले. तो वरच्या कोर्टात जाणार म्हणतो. जाऊ दे, तिथेही पडदे असतील. निकालपत्रात माझं नाव कुठेही नाही. ‘पीडिता’ लिहिलंय, तो शब्द मला आवडला नाही, पण पुढे न्यायाधीशबाईंनी लिहिलंय की हिची साक्ष पूर्ण विश्वासार्ह आहे. ती ओळ आईने मोठ्याने वाचायला लावली, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा तिच्या डोक्यावरच होता.

सोमवारपासून मी पुन्हा टेबलावर आहे. कोठाराला आता बाहेरून आतलं दिसेल अशी खिडकी पाडली आहे आणि तिथे एकटीने कुणी जायचं नाही असा नियम केलाय. नियम करायला लावला इस्त्रीवाल्या काकूने, आणि मालक तिच्यासमोर मांजर होतो.

आता तुझ्याकडे वळते. निकालानंतर वकीलबाईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली की तुझ्या मावशीने माझ्या कचेरीचे पडदे काय सुरेख लावलेत. मी विचारलं, कधी? म्हणाली, तुझ्या साक्षीच्याच दिवशी, सकाळपासून शिडीवर चढून बसली होती, आणि दर थोड्या वेळाने खाली उतरून कोर्टातून काही कळलं का विचारत होती.

शिडीवर, मावशी! न वाकणाऱ्या गुडघ्याने!

आईला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पण एका अटीवर. पुढच्या रविवारी आम्ही तिघी तुझ्याकडे येतोय, आणि स्टेशनापासून घरापर्यंत तू आमच्याबरोबर पायी चालायचंस. माझ्यामागे धावावं लागेल, आधीच सांगून ठेवते.

तू लबाड आहेस, आणि मला अशीच हवी आहेस.

तुझी,
भिंगरी