पेढे आणि ‘इव्हेंच्युअली’

किचनर

प्रिय आईस,
इथल्या थंडीसकट साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा स्पीकर लावतात आणि तू रडतेस, म्हणून लिहितेय. मला टीम लीड केलं नाही. माझ्यानंतर आलेल्या स्कॉटला केलं.

मॅनेजर मागे म्हणाला होता, “ऊर्मी, इव्हेंच्युअली यू विल लीड.” मी तुला कळवलं आणि तू संध्याकाळच्या आत सोसायटीभर पेढे वाटलेस. ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे ‘पुढेमागे होईल’, पण आपण दोघींनी त्या शब्दातलं ‘होईल’ तेवढं ऐकलं. त्यात ‘कधी’ नसतंच गं! नाही म्हणायचं जिवावर आलं की इथली माणसं हा शब्द काढतात.

काल मॅनेजर म्हणाला, “स्कॉटला जरा सगळं शिकव.” मी हसून म्हटलं, “शुअर, इव्हेंच्युअली.” त्याचा चेहरा असा पडला की विचारू नकोस!

वर्क परमिटची चिंता करू नकोस, दुसरीकडे अप्लाय करतेय. नीट जेवते, बहुतेक वेळा. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आणि पेढ्यांवरून कुणी टोमणा मारला, तर मान खाली घालायची नाही. सांग, पेढे बरोबरच वाटले होते, तारीख आता माझी लेक ठरवणार आहे.

तुझ्यासारखीच हट्टी,
ऊर्मी